पिनियन : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील इतिहास

परस्परांत अडकून फिरणाऱ्या दोन दंतचक्रांपैकी लहान दंतचक्रास ‘पिनियन’ किंवा ‘लघुदंतचक्र’ म्हणतात. विद्युत् वाहनात ते बहुधा चलित्राच्या म्हणजे मोटरच्या दंडावर बसविलेले असते. चलित्राची जलद पण दुबळी फिरत घेऊन ती मोठ्या दंतचक्राकडे सावकाश पण जोरकस रूपात पोहोचविणे, हे त्याचे कार्य होय. आगगाडीचे डबे, स्कूटर, मोटारगाडी आणि रेडिओ लहरींनी दुरून चालविली जाणारी लहान प्रतिकृती मोटार या सर्वांत हे कार्य एकाच नियमाने घडते. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यात दंतचक्रे कापण्याचे कसब विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. मात्र दंतचक्र कापणे आणि त्याला किती दात असावेत हे ठरविणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. पहिले या भूमीत लवकर आले व दुसरे उशिरा. या पट्ट्यातील पिनियनचा इतिहास हा मुख्यतः या दोहोंमधील अंतर कसे कमी होत गेले याचा इतिहास आहे.

मूलतत्त्व : दोन दंतचक्रांच्या गती त्यांच्या दातांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतात. २० दातांचे पिनियन ७० दातांच्या चक्रास फिरवीत असेल, तर पिनियनच्या साडेतीन फेऱ्यांमागे मोठ्या चक्राचा एक फेरा होतो. घर्षणातील घट सोडल्यास मोठ्या चक्रावरील पीळ म्हणजे टॉर्क साडेतीनपट होतो. गती आणि पीळ यांचा गुणाकार म्हणजेच शक्ती वाढत नाही. एक वाढविले की दुसरे घटते. सायकलीच्या पायट्याजवळील चक्राला दात जास्त असले, तर सपाटीवर वेग मिळतो पण चढावर पाय भरून येतात. तोच व्यवहार येथेही असतो. पिनियनचे दात वाढविले की वेग वाढतो व ओढ कमी होते. दात कमी केले की ओढ वाढते व वेग कमी होतो.

दोन चक्रे परस्परांत नीट बसण्यासाठी त्यांच्या दातांचे माप एक असावे लागते. हे माप मेट्रिक पद्धतीत ‘मॉड्यूल’ने सांगतात. दंतचक्राच्या अंतराल वर्तुळाचा, म्हणजे ज्या काल्पनिक वर्तुळावर दोन चक्रे न घसरता एकमेकांवर लोळतात त्या वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास भागिले दातांची संख्या, म्हणजे मॉड्यूल. ब्रिटिश व अमेरिकी पद्धतीत एक इंच व्यासामागे किती दात बसतात ते सांगतात. एका पद्धतीतील अंकाने २५·४ ला भागले की दुसरीतील अंक मिळतो. त्यामुळे इंची पद्धतीतील ४८ हे माप मॉड्यूल ०·५२९ इतके होते. ते मॉड्यूल ०·५ व ०·६ या दोन्हींच्या जवळचे दिसते, पण त्यांपैकी कोणत्याही चक्राशी जुळत नाही. अशी विजोड जोडी हाताने फिरविली असता चालल्यासारखी वाटते, परंतु भार पडताच दात झिजतात.

पिनियनचे दात मनाजोगे कमीही करता येत नाहीत. आजच्या बहुतेक दंतचक्रांच्या दातांची बाजू इन्व्होल्यूट वक्राची असते. वर्तुळाकार नळीभोवती गुंडाळलेला दोरा ताणून उलगडताना त्याचे टोक जो मार्ग आखते, तो हा वक्र होय. दाबाचा कोन २०° असेल, तर सतरापेक्षा कमी दात कापताना हत्यार दाताच्या बुडाशी पोखरण करते व दात अशक्त होतो. दाबाचा कोन १४·५° असेल, तर ही मर्यादा बत्तीस दातांपर्यंत वर जाते. कापण्याच्या हत्याराची जागा थोडी सरकवून याहून कमी दातांची पिनियनेही करतात, पण त्यासाठी वेगळी गणिते करावी लागतात.

पूर्वेतिहास : दातांच्या आकाराचा गणिती विचार अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्ल काम्यू आणि पुढे लेओनार्ट ऑयलर यांनी केला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलिस यांनी १८३८ च्या सुमारास दातांचे प्रमाणीकरण सुचविले. अमेरिकेतील विल्फ्रेड ल्यूइस यांनी १८९२ मध्ये दात म्हणजे एका टोकाशी पक्की केलेली लहान तुळई आहे असे मानून त्याच्या बळकटीचे सूत्र मांडले. एडविन फेलोज यांचे दंतचक्र कापण्याचे यंत्र आणि जर्मनीतील हेर्मान फाउटर यांचे १८९७ चे हॉबिंग यंत्र यांमुळे अचूक दंतचक्रे मोठ्या संख्येने बनविणे शक्य झाले. हॉबिंगमध्ये मळसूत्राच्या आकाराचे कर्तन हत्यार आणि कोरे चक्र ठराविक प्रमाणात एकाच वेळी फिरतात व दात आपोआप घडत जातात. भोसरीच्या लहान कारखान्यांत हीच पद्धत पुढे घरगुती परिचयाची झाली.

विद्युत् चलित्रावरील पिनियनची खरी अडचण प्रथम ट्रामगाड्यांत जाणवली. गाडी रुळांवरून उसळत जाते, त्यामुळे चलित्र गाडीच्या सांगाड्यास व मोठे दंतचक्र चाकाच्या आसास बसविले, तर दोहोंमधील अंतर सतत बदलते आणि दात तुटतात. अमेरिकी अभियंता फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये रिचमंड येथील ट्रामसाठी चलित्राची एक बाजू आसावरच टेकविली आणि दुसरी बाजू स्प्रिंगवर टांगली. यामुळे गाडी कितीही हलली तरी पिनियन व मोठे चक्र यांच्या केंद्रांतील अंतर कायम राहू लागले. पिनियन नुसते चांगले असून भागत नाही, ते नेमक्या अंतरावर धरून ठेवणारी बैठकही तितकीच महत्त्वाची असते, हा धडा त्यातून मिळाला.

पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने येण्याआधीच तेथून विजेवर चालणारे वाहन धावू लागले होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाले आणि १ जून १९३० पासून ‘दख्खनची राणी’ मुंबई व पुणे यांदरम्यान धावू लागली. पुणे–लोणावळा ही उपनगरी विद्युत् गाडी १९७८ मध्ये सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथील कारखान्यांत ये-जा करणाऱ्या कामगारांची ती रोजची गाडी बनली. उपनगरी गाड्यांत आसावर टेकलेले चलित्र व त्याच्या दंडावरील पिनियन ही रचना प्रचलित होती. पेट्रोलच्या वाहनांची दंतचक्रे घडविण्यास जाणारा कामगार त्या अर्थाने विजेच्या पिनियनवर बसून कामाला जात असे.

औद्योगिक पट्ट्याची घडण : पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना या भागातील मोठ्या उद्योगांपैकी पहिला मानला जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी, चिंचवड व भोसरी येथे भूखंड, पाणी व रस्ते यांची सोय होऊन यंत्र उद्योग वाढला. या वसाहतीचे नगरपालिकेत १९७० मध्ये व महानगरपालिकेत १९८२ मध्ये रूपांतर झाले.

आकुर्डी येथे बजाज ऑटोने इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा जातीच्या स्कूटरींचे उत्पादन केले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेंपो या कंपनीने हँसीट ही तीनचाकी मालवाहू गाडी जर्मन सहकार्याने बनविली व पुढे आपला कारखाना आकुर्डी येथे आणला. टाटा एंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह म्हणजे टेल्को या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पिंपरी येथे कारखाना उभारण्यास घेतला. तेथे मालमोटारींच्या आधी यंत्र-हत्यारे, साचे व कामगार-प्रशिक्षण यांचे विभाग उभे राहिले. पुण्यातील पहिली मालमोटार १९७७ मध्ये बाहेर पडली. आधी हत्यारे व माणसे तयार करावयाची आणि मग गाडी, हा क्रम त्या काळी वेळखाऊ वाटला, तरी आसपासच्या शेकडो लघुउद्योगांना त्याचा लाभ झाला.

पिनियन तयार होण्यासाठी लागणारे इतर दुवेही याच परिसरात जुळून आले. मुंढवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जमुळे घडीव पोलादी भाग उपलब्ध होऊ लागले. चिंचवड येथे एसकेएफचे धारवे म्हणजे बेअरिंगे आणि दापोडी येथे सँडविकची कर्तन हत्यारे तयार होऊ लागली. वाहनांच्या चाचणीसाठी १९६६ मध्ये पुणे येथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

मिश्र पोलादाचा घडीव तुकडा लेथवर कातणे, हॉबिंग यंत्रावर दात कापणे, कडा घासून बारीक करणे, पृष्ठभागात कार्बन मुरवून पृष्ठ-कठिनीकरण करणे आणि अखेरीस भोक व दात यांचे शाणन करणे, हा निर्मितीचा सर्वसाधारण क्रम होय. पृष्ठभाग कठीण व गाभा चिवट राहावा, हा कठिनीकरणाचा हेतू असतो. दात आरपार कठीण झाला, तर तो झिजत नाही पण धक्क्याने तुटतो. कठिनीकरणाच्या भट्टीत चक्र किंचित वाकडे होते. हा वाकडेपणा आधी ओळखून माप ठेवणे, हे अनुभवी कारागिराचे खरे कसब मानले जाई. मोठ्या कारखान्यातील टर्नर, मिलर व फिटर यांपैकी काहींनी पुढे भोसरीत गाळा घेऊन एखाद्या जुन्या हॉबिंग यंत्रावर जॉबवर्क सुरू केले आणि हे कसब घरोघर पसरले.

आराखडा व निवड : सहकार्य कराराच्या काळात दंतचक्रांचे आराखडे परदेशातून येत. दातांची संख्या, दाबाचा कोन, पोलादाची जात व मापातील सूट हे सर्व कागदावर आधीच ठरलेले असे. कागदाप्रमाणे हुबेहूब माल काढणे, ही येथील अभियंत्यांची जबाबदारी होती. २२ ऐवजी २१ दात का नकोत, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना नव्हता व तशी गरजही भासत नव्हती. टेल्कोचा डाइम्लर-बेंझशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ मध्ये संपला. बजाजचा पिआज्जोशी असलेला करार १९७१ मध्ये संपला व १९७२ पासून ‘चेतक’ ही स्कूटर बजाजच्या स्वतःच्या नावाने बाजारात आली. यानंतर हा प्रश्न विचारणे भाग पडले.

एका दाताचे मोल किती असते, हे व्हेस्पा जातीच्या स्कूटरींवरून चांगले कळते. या स्कूटरीत साखळी नसते. एंजिन मागील चाकास लागूनच असते व क्लचवरील लहान पिनियन एका मोठ्या दंतचक्रास फिरविते. पिआज्जोने १९७७ नंतरच्या आपल्या पीएक्स मालिकेत १२५ घ. सेंमी. एंजिनास २० व ६८ दातांची जोडी दिली, तर अधिक शक्तीच्या २०० घ. सेंमी. एंजिनास २३ व ६५ दातांची जोडी दिली. पहिल्या जोडीचे गुणोत्तर ३·४० व दुसऱ्या जोडीचे २·८३ येते. लहान एंजिनावर दुसरी जोडी बसविली, तर कागदावर वेग वाढतो, पण दोन माणसांना घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना एंजिन दम सोडते. भारतात स्कूटरीवर पती, पत्नी, दोन मुले व भाजीची पिशवी असा भार सर्रास असे. दातांची निवड रस्ता, भार व वाहन वापरण्याची रीत पाहून करावी लागते, ती परक्या देशातील कागदावरून पूर्णपणे करता येत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. तरीही पेट्रोलच्या वाहनात चार किंवा पाच गतींची सोय असल्याने एखादी निवड थोडी चुकली, तरी चालक खालच्या गतीत जाऊन वेळ निभावून नेई.

प्रतिकृती मोटारी : ज्या वाहनात एकच गती असते, तेथे ही सवलत नसते. अशा वाहनाचे सर्वांत लहान व सुबोध उदाहरण म्हणजे रेडिओ-नियंत्रित विद्युत् प्रतिकृती मोटार होय. रेडिओवर चालणाऱ्या प्रतिकृती मोटारींची विक्री इटलीत १९६६ च्या सुमारास सुरू झाली. आरंभीच्या अनेक मोटारींत इंधनावर चालणारे छोटे एंजिन असे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये १:१२ प्रमाणाची पोर्शे ९३४ ही विद्युत् प्रतिकृती काढली व या छंदास जगभर चालना मिळाली. पुढे १:१० हे प्रमाण लोकप्रिय झाले. यातील रूढ चलित्राचा व्यास सु. ३६ मिमी. व दंडाचा व्यास ३·१७ मिमी. असतो. पिनियन सुटे मिळते व मालकास ते स्वतः बदलता येते. निकेल-कॅडमियम विद्युत् घटांच्या जागी लिथियम-पॉलिमर घट व कार्बन ब्रशांच्या चलित्रांच्या जागी ब्रशरहित चलित्रे आल्यावर शक्ती कितीतरी वाढली आणि चुकीच्या पिनियनची शिक्षाही तितकीच कडक झाली.

निवडीचे गणित : समजा, पिनियनला २० व मोठ्या चक्रास ७० दात आहेत आणि पुढे मोटारीच्या आतील दंतचक्रांत आणखी दुप्पट घट होते. एकूण गुणोत्तर ३·५ गुणिले २ म्हणजे ७ येते. भाराखाली चलित्र दर मिनिटास २०,००० फेरे घेत असेल व चाकाचा व्यास ६२ मिमी. असेल, तर मोटारीचा वेग ताशी सु. ३३·४ किमी. होतो. पिनियनला एक दात वाढवून २१ केले, तर गुणोत्तर ६·६७ व वेग ताशी सु. ३५ किमी. होतो. वाढ ५ टक्के दिसते. परंतु तेवढाच जोर चाकावर मिळविण्यासाठी चलित्रास ५ टक्के जास्त विद्युत् प्रवाह घ्यावा लागतो आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सु. १० टक्के वाढते. चार दात वाढवून पिनियन २४ चे केले, तर प्रवाह २० टक्के व उष्णता ४४ टक्के वाढते. वेगाच्या हव्यासापायी चलित्र जळते ते यामुळेच. सामान्य प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची शक्ती सु. ८०° से. च्या पुढे कायमची घटू लागते. त्यामुळे धूर दिसला नाही तरी चलित्र दुबळे होऊन बसते. उलट पिनियन फारच लहान घेतले, तर मोटार झटकन सुटते, पण चलित्र सतत कमाल फेऱ्यांवर गरगरत राहते, वेग मिळत नाही आणि धारवे व ब्रश लवकर झिजतात.

म्हणून उत्पादकाने सुचविलेल्या दातांपासून किंवा त्याहून एक-दोन दात कमी असलेल्या पिनियनपासून सुरुवात करतात. काही मिनिटे मोटार पळवून चलित्राचे तापमान पाहतात व ते बेताचे असेल तरच एकेक दात वाढवितात. वळणावळणाच्या लहान मार्गास, गवताळ किंवा वाळूच्या जमिनीस व मोठ्या चाकांस लहान पिनियन योग्य ठरते. लांब, सपाट व गुळगुळीत मार्गास मोठे पिनियन चालते. दोन चक्रांच्या दातांत सामाईक विभाजक नसणे हितावह असते. २० व ७० यांस १० ने भाग जात असल्याने ठराविक दात ठराविक दातांनाच वारंवार भेटतात. २१ व ७१ अशी जोडी घेतली, तर प्रत्येक दात दुसऱ्या चक्रावरील प्रत्येक दातास पाळीपाळीने भेटतो व झीज सारखी होते.

जोडणी : पिनियन बदलले की दोन केंद्रांतील अंतर बदलावेच लागते. मॉड्यूल ०·६ असेल, तर २० व ७० दातांच्या जोडीस २७ मिमी. व २१ व ७० दातांच्या जोडीस २७·३ मिमी. अंतर हवे. यासाठी चलित्राच्या बैठकीची भोके लांबट ठेवलेली असतात. दात एकमेकांत गच्च रुतले, तर घर्षण व उष्णता वाढते, प्रवाह वाया जातो व दंड वाकतो. ते फार दूर राहिले, तर केवळ टोकांवर भार येऊन मोठ्या चक्राचे दात सोलून निघतात. वहीच्या कागदाची एक पट्टी दोन चक्रांमधून ओढून घ्यावी, चलित्र तिच्यावर हलके दाबून स्क्रू आवळावेत आणि मग पट्टी फिरवून काढून घ्यावी, म्हणजे आवश्यक ती बारीक मोकळीक राहते. मोठे चक्र पूर्ण गोल असेलच असे नाही, म्हणून ते पूर्ण फेरा फिरवून चार-पाच जागी ही मोकळीक पुन्हा पाहतात. दातांची पूर्ण रुंदी एकमेकांसमोर आली पाहिजे. पिनियन आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू दंडाच्या सपाट केलेल्या बाजूवरच बसला पाहिजे. तो गोल बाजूवर बसल्यास पिनियन घसरते व दंड खरवडला जातो. पितळी पिनियन मऊ असते, ॲल्युमिनियमचे हलके पण लवकर झिजणारे असते आणि कठिनीकरण केलेले पोलादी सर्वांत टिकाऊ असते. स्प्रेग यांनी १८८८ मध्ये टनावारी वजनाच्या ट्रामसाठी सोडविलेला केंद्रांतराचा प्रश्न येथे कागदाच्या पट्टीने सुटतो, इतकाच फरक आहे.

विद्युत् वाहनांचा काळ : चाकण येथे बजाज ऑटोचे उत्पादन १९९९ मध्ये सुरू झाले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये व महिंद्रचा २०१० मध्ये सुरू झाला. आरंभी हे कारखाने पेट्रोल व डीझेल वाहनांचेच होते. बजाजने २०१९ मध्ये ‘चेतक’ हे जुने नाव विद्युत् स्कूटरीस दिले व तिचे उत्पादन चाकण येथे सुरू केले. २०२२ मध्ये आकुर्डी येथे, जुन्या स्कूटरींच्या जन्मस्थानीच, विद्युत् चेतकसाठी नवा कारखाना उघडण्यात आला. मर्सिडीज-बेंझने २०२२ मध्ये आपल्या एका विद्युत् मोटारीची जुळणी चाकण येथे सुरू केली. महिंद्रच्या नव्या विद्युत् मोटारी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्या व त्या चाकण येथे तयार होतात.

विद्युत् चलित्र स्थिर अवस्थेपासूनच पूर्ण पीळ देऊ शकत असल्याने अशा बहुतेक वाहनांत एकच ठराविक गुणोत्तर असते. १२ इंची धावेच्या स्कूटरीचे चाक ताशी ६० किमी. वेगास दर मिनिटास सु. ६८० फेरे घेते. चलित्र त्या वेळी दर मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर एकूण गुणोत्तर ८·८ च्या आसपास हवे. ही घट सामान्यतः दोन टप्प्यांत करतात. खालची गती नसल्यामुळे एकच निवड घाटाचा चढ, शहरातील थांबत चालणे आणि महामार्गावरील वेग या तिन्हींस पुरी पडावी लागते. वर सांगितलेला प्रवाहाच्या वर्गाचा हिशोब येथेही लागू असतो. गुणोत्तर चुकले, तर चढावर चलित्र व नियंत्रक तापतात, तापरक्षक यंत्रणा शक्ती कमी करते आणि एका भरणात कापावयाचे अंतर घटते. काही दुचाकींत चलित्र चाकाच्या तुंब्यातच बसवून पिनियन पूर्णपणे टाळतात. परंतु तेवढाच पीळ दंतचक्रांच्या मदतीविना मिळवावयाचा असल्याने चलित्र मोठे व जड करावे लागते.

दातांच्या अचूकतेची कसोटीही बदलली आहे. पेट्रोल एंजिनाच्या आवाजात दंतचक्रांचा आवाज बुडून जात असे. विद्युत् वाहनात ते आवरण उरले नाही. २० दातांचे पिनियन दर मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदास २,००० वेळा दात दातास लागतो. या वारंवारतेचा आवाज मानवी कानास विशेष तीव्रतेने ऐकू येतो. शिवाय वेग कमी करताना चलित्र जनित्राचे काम करून वीज परत साठविते. तेव्हा भार दाताच्या उलट बाजूवर येतो. म्हणून दाताच्या दोन्ही बाजू सारख्याच काळजीने घडवाव्या लागतात व मोकळीक बेताची ठेवावी लागते. पूर्वी मिलिमीटरच्या शतांशावर भागत असे, तेथे आता सहस्रांशाचा म्हणजे मायक्रॉनचा विचार करावा लागतो.

उद्योगावरील परिणाम : पाच गतींच्या नेहमीच्या दंतचक्र-पेटीत पुढील गतींच्या पाच जोड्या, मागे जाण्याची तीन चक्रे व अंतिम जोडी मिळून पंधराच्या आसपास दंतचक्रे असतात. विद्युत् मोटारीच्या दोन टप्प्यांच्या पेटीत ही संख्या चारवर येते. केवळ दंतचक्रे कापून उपजीविका करणाऱ्या भोसरी, चिंचवड व चाकण येथील लहान कारखान्यांपुढील मुख्य प्रश्न हाच आहे. नगांची संख्या घटते आणि उरलेल्या नगांना शाणन यंत्रे व मापन साधने यांची मोठी गुंतवणूक लागते. जुन्या हॉबिंग यंत्रावर काम करणाऱ्यास ती सहज पेलत नाही. ट्रॅक्टर, पंप, कापडयंत्रे, उद्वाहक व यंत्रमानव यांची दंतचक्रे हे पर्याय आहेत, परंतु प्रत्येकास दातांची वेगळी घडण व वेगळे गिऱ्हाईक लागते.

दुसऱ्या बाजूस, निवडीचे ज्ञान आता कारखान्याच्या आराखडा विभागापुरते मर्यादित राहिलेले नाही. २०१५ पासून अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत विद्युत् वाहनांचा स्वतंत्र विभाग आहे. चलित्र, चाक व चढ यांवरून गुणोत्तर काढणे हा अशा वाहनाच्या आराखड्याचा आरंभ असतो. ठरविलेले पिनियन कापून घेण्यासाठी पिंपरी-चिंचवड परिसरातील विद्यार्थ्यास भोसरीचा गाळा हाकेच्या अंतरावर असतो. एकाजवळ निवडीचे गणित असते, तर दुसऱ्याजवळ भट्टीत चक्र किती वाकेल याचा अंदाज असतो. कराराच्या काळात आराखडा व हत्यार यांच्यामध्ये समुद्र होता. आता ते अंतर काही किलोमीटरांचे आहे. हे दोन्ही घटक एकमेकांस किती उपयोगी पडतात, यावर या पट्ट्यातील दंतचक्र-व्यवसायाचे पुढील स्वरूप बरेचसे अवलंबून राहील.